ट्रान्सफरनंतर पलंग नको, औषधाची वेळ सांभाळा

इंदूरला आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी, देवास, उज्जैन, धारहूनही जोडपी येतात. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, म्हणजे ट्रान्सफर झाल्यावर, घरच्यांना पहिली धास्ती परतीच्या प्रवासाची असते: खड्ड्यात गाडी आदळली तर भ्रूण निसटेल का? निसटत नाही. पाच दिवसांचं भ्रूण जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरचं असतं आणि गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. पुरणात मिसळलेला खसखशीचा दाणा पोळी हलवली म्हणून बाहेर पडत नाही, तसंच हे. शिंकल्यानं, जिना चढल्यानं, लघवीला गेल्यानं काही बिघडत नाही. लघवी रोखून धरली तर मात्र संसर्ग होऊ शकतो.

पंधरा दिवस आडवं राहिल्यानं गर्भधारणेची शक्यता वाढत नाही, हे अभ्यासांत तपासून झालं आहे. उलट इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या चालू असताना नुसतं पडून राहिलं तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्वयंपाक, ऑफिस, संध्याकाळचं फिरणं चालू द्यावं. पाण्याच्या जड बादल्या आणि जिम टाळावी; स्त्रीबीजं काढलेल्या महिन्यातच, त्याच पाळीच्या चक्रात, ट्रान्सफर झाली असेल तर सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो.

खरी काळजी प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या औषधाची घ्यायची. गोठवलेलं भ्रूण गोळ्या देऊन तयार केलेल्या गर्भाशयाच्या अस्तरात सोडलं असेल, तर शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ बनवतच नाही. सगळा भार औषधावर असतो. म्हणून मोबाइलला गजर लावावा. योनीत ठेवायची कॅप्सूल असेल तर हात धुऊन ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटं पडून राहावं. नंतर पांढरं काही बाहेर आलं तर तो औषधाचा उरलेला भाग असतो, दुसरी कॅप्सूल ठेवू नये. तेलातलं इंजेक्शन नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात, रोज बाजू बदलून घ्यावं. ॲम्प्यूल आधी तळहातात धरून कोमट केली तर तेल पातळ होतं आणि दुखतं कमी. थोडं स्पॉटिंग, म्हणजे रक्ताचे डाग, दिसलं म्हणून औषध मनानं कधीही थांबवू नये. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

भ्रूण रुजवणारा असा खास आहार नाही. अननसाचा गाभा खाऊन ते रुजतं याला आधार नाही. पिकलेली पपई चालते. कच्च्या पपईच्या चिकानं प्राण्यांच्या गर्भाशयात आकुंचन झालेलं दिसलं आहे, म्हणून ती टाळावी. प्रोजेस्टेरॉननं आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही. त्यावर भाकरी, पालेभाजी, पेरू आणि दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी हा उपाय. प्रत्येक जेवणात डाळ, शिजवलेली उसळ, पनीर किंवा अंडं असावं. सकाळचे गरम पोहे खुशाल खावेत, जिलबी रोज नको, मधुमेह किंवा पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी जोडलेला विकार) असेल तर मुळीच नको. इंदूरच्या सराफा खाऊबाजारात समोर तळलेला गरम गराडू (एक कंद) एकवेळ चालेल. उघडी चिरलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, न उकळलेलं दूध नको, कारण जुलाब आणि ताप या दिवसांत परवडणारे नाहीत. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे दोन-तीन कप चहा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढं. हरतालिका या काळात आली तर निर्जळ उपास धरू नये. घरचे काढेही बंद.

स्तन दुखणं, पोट फुगणं, झोप येणं ही प्रोजेस्टेरॉनचीही लक्षणं आहेत. त्यावरून गर्भ राहिल्याचा अंदाज बांधू नये. बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भधारणेच्या संप्रेरकाची, रक्ततपासणी दिलेल्या तारखेलाच करावी. बीजं पक्व करायला एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर घाईनं केलेली घरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आकडा काठावरचा आला तर ४८ तासांनी पुन्हा तपासतात. निगेटिव्ह आली, तर त्यामागे अनेकदा भ्रूणाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. बाईनं काय खाल्लं किंवा किती चालली याचा त्याच्याशी संबंध नसतो. घरातल्यांनी तिला तसं बोलू नये.

पोट झपाट्यानं फुगलं, दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला जोराचं दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली तर रात्र असली तरी थांबू नये. गर्भ नळीत रुजलेला असू शकतो.