हवाई अंतर व उड्डाणवेळ

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या पृष्ठभागालगत मोजलेले सर्वांत कमी अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा बृहद्वृत्ताचा (पृथ्वीला बरोबर दोन समान भागांत विभागणाऱ्या वर्तुळाचा) कंस असते. वैमानिक ती नॉटिकल मैलांत मोजतात (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी.).

शाळेच्या भिंतीवर टांगलेला मर्केटर नकाशा (रेखावृत्ते एकमेकांना समांतर दाखवणारा) या बाबतीत हमखास फसवतो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर उत्कियाग्विक (२०१६ पर्यंत बॅरो) आणि प्रूडो बे तेलक्षेत्राचे डेडहॉर्स असे दोन विमानतळ आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे ८.३ अंशांचा फरक आहे, तर मुंबई आणि रायपूर यांच्यात ८.९ अंशांचा. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही जोड्या जवळपास सारख्याच लांब भरतात. प्रत्यक्षात मुंबई–रायपूर अंतर सुमारे ९५५ किमी. आहे आणि अलास्कातल्या जोडीचे अवघे ३२७ किमी. कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जातात : रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किमी. भरतो, मुंबईच्या अक्षांशावर १०५ आणि ७१ उत्तर अक्षांशावर फक्त ३६.

अंतर तिपटीने घटले म्हणून वेळही तेवढाच घटतो असे मात्र नाही. रायपूरला जायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात; वरच्या ३२७ किमी.ना जेट विमानाने पाऊण तास तरी धरावा लागतो. ताशी ८०० किमी.चा वेग फक्त उंचीवर गेल्यावर मिळतो. चढणे, उतरणे आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाणे हा खर्च प्रवास लहान असो की मोठा, सुटत नाही. मुंबई–पुणे हवाई अंतर जेमतेम १२५ किमी. आहे, डोंबिवलीहून निघालेला माणूस विमानतळावर पोहोचून सुरक्षा तपासणी उरकेपर्यंत गाडीने गेलेला लोणावळा ओलांडून पुढे गेलेला असतो.

तिकिटावर छापलेली वेळ ही ब्लॉक टाइम असते : विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. पावसाळ्यात ढग खाली आले की विमाने वरच घिरट्या घालत राहतात आणि खिडकीतून तीच खाडी तिसऱ्यांदा दिसते. ही शक्यता जमेस धरूनच वेळापत्रक सैल ठेवतात. ‘वेळेआधी उतरलो’ या घोषणेचे कौतुक जरा बेतानेच करावे. वाऱ्याचाही हिशेब असतोच : पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) पूर्वेला जाणाऱ्याला ढकलतो, परतणाऱ्याला अडवतो.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर रहदारी नगण्य, पण धुके आणि हिमवादळ यांचा भरवसा नाही. उत्कियाग्विकला बाहेरून येणारा रस्ताच नाही, त्यामुळे विमान रद्द झाले की ‘गाडीने जाऊ’ हा मुंबईकराचा हुकमी पर्याय तिथे उरत नाही. त्या विमानतळाला वैमानिक वायली पोस्ट आणि विनोदी अभिनेते विल रॉजर्स यांची नावे आहेत. १५ ऑगस्ट १९३५ रोजी त्याच परिसरात विमान कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता.