तांबडी, वरकस, जांभी : जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरील मातीची पार्श्वभूमी

‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा पहिल्या यादीत सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतली २३५ गावं होती, पुढे ती यादी वाढली. तेव्हापासून मेढा-बामणोलीकडच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय चालतो, डोंगर बांधकामाला धरेल का. कुणी म्हणतं खाली कातळ आहे, कुणी म्हणतं सगळा जांभा आहे, कुणी नुसतं ‘२०२१’, दरडींचं ते वर्ष, एवढंच म्हणून गप्प बसतं. ज्या मातीवरून हा वाद आहे तिला कागदावर आजवर चार-पाच नावं मिळाली, आणि नाव बदललं की तिचं करायचं काय तेही बदलत गेलं.

पावसाळा सरल्यावर केळघर घाटात रस्त्याची वरची कड ताजी सुटलेली असते. तिथे गाडी बाजूला घेऊन पाहावं. वर वीतभर काळपट थर, पालापाचोळ्याचा, मुळ्यांनी विणलेला. त्याखाली पुरुषभर उंचीची तांबूस-तपकिरी माती. तिचं ढेकूळ हाताने फोडलं तर आतल्या बाजू तेलाचं बोट फिरवल्यासारख्या चकाकतात. वरच्या थरातली अगदी बारीक चिकण पाण्याबरोबर खाली उतरते आणि ढेकळांच्या फटींत लेप धरून बसते, त्याची ही चकाकी. चिमूटभर माती भिजवून तळहातावर वळली तर सुबक वात होते, अंगठ्याने दाबली तर पट्टी निघते. पलूस-मिरजेच्या काळीचा आणि हिचा बाप एकच, बेसाल्ट. महाबळेश्वरी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो. वरच्या पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली. मागे लोह राहिलं आणि न फुगणारी चिकणमाती राहिली. म्हणून काळीसारख्या हात जाईल एवढ्या भेगा हिला उन्हाळ्यातही पडत नाहीत.

जावळीच्या जाळीत शिरलेला माणूस परतत नाही, हे शिवकाळातलं वर्णन सगळ्यांना पाठ आहे. त्यात झाडी आहे, माती नाही. मातीचा कागद सुरू होतो तो १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झाल्यावर, मोजणीदार आले तेव्हा.

त्यांच्या हाती १८४७ साली मुंबई इलाख्यासाठी पक्की झालेली नियमावली होती. जमीन खणायची, खोली हाताने मोजायची, पावणेदोन हात आणि त्याखाली उतरत्या पायऱ्या. मातीच्या प्रती तीन. बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी ती पहिली. थोडी भरड, फिकी, बहुतेक तांबडी ती दुसरी. खडकाळ, सुटी ती तिसरी. यातून नऊ वर्ग पाडायचे आणि किंमत आण्यांत लावायची, उत्तम जमीन सोळा आणे. मग दोष. चुनखडीला एक खूण, वाळूला एक, उताराला एक, उपळटाला एक. खूण वाढली की जमीन वर्गाने खाली उतरायची. आता केळघरचा उतार या चाळणीतून गाळून बघा. रंग तांबडा म्हणून पहिल्यांदाच दुसरी प्रत. मग उतार. मग भाद्रपदापर्यंत अंगातून पाणी पाझरतं म्हणून उपळट. खोली पावणेदोन हातांच्या कितीतरी पुढे असूनही तिचं मोल आण्यांत घसरत गेलं. नियमावली काही चुकीची नव्हती, पण ती देशावरच्या काळीसाठी, ज्वारीसाठी घडवलेली होती. डोंगरातल्या नाचणी-वरीच्या जमिनींना ‘वरकस’ म्हटलं गेलं. सारा हलका बसला, हा फायदा मान्य करायला हवा. पण हलका सारा आणि हलकी माती या दोन गोष्टी बोलण्यात एकच होऊन बसल्या, त्या आजतागायत.

दुसरं नाव आलं वनखात्याकडून, ‘राखीव’. १८७८ च्या वन कायद्यानंतर उतारांचे मोठे पट्टे राखीव झाले आणि कुमरीवर बंधनं आली. झुडपं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत एक-दोन हंगाम नाचणी किंवा वरी घ्यायची आणि मग रान काही वर्षं तसंच सोडून द्यायचं, ही कुमरी. सरकारचं म्हणणं, याने डोंगर उघडे पडतात आणि माती वाहून जाते. डोंगरातल्या लोकांचं म्हणणं, सोडलेल्या वर्षांत रान पुन्हा भरतं. माझ्या मते दोघांचंही खरं होतं, वेगवेगळ्या ठिकाणी. ही माती आम्लधर्मी, त्यात तिच्यातलं लोह स्फुरद घट्ट धरून ठेवतं, पिकाला देत नाही. राख पडली की आम्लता उतरते, पालाश मिळतं, थोडा स्फुरदही हाती लागतो. विसावा पुरेसा असेल तर ही शेती मातीच्या स्वभावाला धरूनच होती. राखीव जंगलामुळे कसायला उरलेली जमीन आक्रसली आणि विसाव्याची वर्षं कमी झाली की तीच शेती घातक ठरते. म्हणजे बंदीचं कारण काही अंशी बंदीनेच तयार केलं. बंदीचं समर्थन करणारे हा भाग सांगत नाहीत, आणि कुमरीचे गोडवे गाणारे घाटमाथ्यावरच्या उघड्या बोडक्या टेकड्यांबद्दल बोलत नाहीत.

दरम्यान १८२८ नंतर वर गिरिस्थान वसलं होतं. १८३० च्या दशकात तिथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवले, त्यांनी बटाटा आणि भाजीपाला पिकवला. १८६० च्या दशकात लिंगमळ्याला सिंकोनाची, म्हणजे क्विनाइन देणाऱ्या झाडाची, लागवड झाली, ती टिकली नाही. सिंकोनाला पाऊस हवा असतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही, आणि इथे आषाढ-श्रावणात मुळांना श्वास घ्यायला जागा नसते. स्ट्रॉबेरीवाले आज उंच गादीवाफे का करतात, त्याचं उत्तर त्या फसलेल्या मळ्यात आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र ‘जांभी’ या नावाने घातला.

मलबारातल्या अंगाडीपुरमजवळ पाहिलेल्या एका दगडाचं वर्णन एका ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात केलं. जमिनीत असताना तो लोखंडी हत्याराने कापता येई, चौकोनी तुकडे काढून हवेत ठेवले की विटेसारखे कडक होत. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याने नाव दिलं लॅटराइट. नावाची अट साधी होती, कापता यावं आणि सुकल्यावर कडक व्हावं. पण नाव प्रवासाला निघालं आणि अट मागे राहिली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत उष्ण कटिबंधात जिथे जिथे तांबडं दिसलं तिथे तिथे लॅटराइट लिहिलं गेलं, दगडालाही आणि मातीलाही.

मराठीत याला शब्द तयारच होता, जांभा. कोकणातल्या गवंड्याच्या तोंडी तो अगदी नेमका आहे. जांभा म्हणजे चिरे निघतात तो दगड. भूगोलाच्या पुस्तकांनी त्यापासून ‘जांभी मृदा’ केली आणि नकाशात दक्षिण कोकणापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत एकच रंग भरला. शाळेत तो रंग आम्हीही भरला आहे.

साताऱ्यात जांभा नाही असं नव्हे. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचं, कासचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, जांभ्याचा. तिथे दगडावर बोटभर माती असते आणि त्या बोटभर मातीतच भाद्रपदातली फुलं येतात. पण जांभा ही डोंगराची टोपी आहे. टोपीच्या खालच्या उतारावर बेसाल्ट कुजून झालेली आणि वरून घसरत आलेली चिकणमाती आहे. फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. सड्यावरचा खडा वर्षभर पाण्यात ठेवा, तो तसाच राहील. उतारावरचं सुकलेलं ढेकूळ तांब्याभर पाण्यात सोडा. बुडबुडे येतात आणि चहा गार होईतो तळाशी गाळ बसतो.

मृदाशास्त्राने हा गुंता १९६० ते १९७५ या काळात सोडवला. रंगाऐवजी मोजता येणाऱ्या थरांवर वर्गीकरण उभं राहिलं आणि लॅटराइट हा शब्द मातीच्या नावांतून बाहेर गेला. पुढे पश्चिम घाटातल्या मातींच्या अभ्यासात एक मजेची गोष्ट आढळली. इतका पाऊस झेलूनही काही ठिकाणची तांबडी माती वाटली होती तितकी निःसत्त्व झालेलीच नव्हती. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक असतात, ते हळूहळू चुना सोडत राहतात आणि पाऊस नेतो त्यातला काही भाग भरून काढतात. हे सगळं शास्त्रात घडलं, कचेरीत नाही. २०१५ नंतर मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या गेल्या. माझ्या आजोळच्या शेताची पत्रिका आली त्यावर मातीचा प्रकार ‘जांभी’. मामा ती वाचून म्हणाला, “चिरे काढू का मग? बंगला होईल.” त्या शेतात आयुष्यात कुणाच्या कुदळीला जांभा लागलेला नाही.

नावाचा एवढा कीस पाडायचं कारण पाणी आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून आत उतरतं. खाली चिकण थर लागला की ते अडतं आणि त्या सांध्यावरून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. डोंगरातली गावं, वाड्या, देवळं बहुधा याच रेषेवर आहेत, कारण पाणी तिथे आहे. पण पाण्याने भिजून जड झालेली माती सुटते तीही त्याच रेषेजवळ. जांभ्यावर घर म्हणजे पक्कं घर, हा कोकणचा अनुभव खराच आहे. तो अनुभव नकाशातल्या रंगावर विसंबून उतारावर आणला की चुकतो.

‘थंड हवेचं ठिकाण’ या शब्दानेही जाता जाता थोडी दिशाभूल केली आहे. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. पण मातीच्या वर्गीकरणात थंड म्हणजे जमिनीखाली अर्ध्या मीटरवर वर्षाची सरासरी ८ अंश सेल्सिअसच्या आत. हिमालयात देवदारांच्याही वरच्या जंगलात तसं असतं, तिथे पाचोळा कुजायला वर्षं लागतात. आपल्याकडे सरासरी विशीच्या आसपास. झाडी तोडली की वरचा वीतभर काळा थर काही पावसाळ्यांत संपतो.

कोयनेच्या जलाशयाने खोऱ्यातली भातखाचरं घेतली आणि काही वस्त्या उतारावर वर सरकल्या. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, १९८५ चं अभयारण्य, २०१० चा व्याघ्र प्रकल्प, या प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र झालं. बांधकामाला तिथे चाप बसला तशी नजर शेजारच्या जावळी-पाटणकडे वळली, असं निदान इकडचे लोक म्हणतात.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला, माणसं गाडली गेली. त्यानंतर कागदावर नवं नाव आलं, दरडप्रवण. ते नाव गावाला लागतं, गटनंबराला नाही. त्यामुळे एकाच उताराची नावं सांगणारे तीन कागद आज शेजारी ठेवता येतात. यादीत गाव दरडप्रवण, पत्रिकेत माती जांभी आणि सातबाऱ्यावर जमीन वरकस. घाटाच्या वळणावर प्लॉट विक्रीचा जो फलक लागला आहे, त्यावर यातलं एकही नाव नाही.