मंदीतील सुट्टीचे विमानभाडे

प्रवासाची एकूण मागणी ओसरलेली असताना दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी अशा ठरावीक दिवसांच्या तिकिटांचे दर विमान कंपन्या ज्या रीतीने ठरवतात, ती रीत. मंदी आली की तिकिटे स्वस्त होणार ही समजूत निम्मीच खरी आहे. मंदीत वर्षाचे सरासरी भाडे उतरते. सणाच्या ऐन दिवसाचे भाडे मात्र जागचे फारसे हलत नाही, कधी चढतेही. सुट्टीचे भाडे उतरते ते कडेच्या दिवसांना. वसुबारसेच्या चार दिवस आधीचा मंगळवार स्वस्त होतो, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि घर नागपूर, पाटणा, लखनौ किंवा कोलकात्याला असणाऱ्या माणसाला हा फरक दरवर्षी खिशातून मोजावा लागतो.

विमानातले आसन हा नाशवंत माल आहे. दार बंद झाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य. पण मार्केट यार्डात संध्याकाळी उरलेली मेथी मातीमोल विकली जाते, तसे इथे होत नाही. उड्डाण जवळ येईल तसा दर चढतो. शेवटच्या आठवड्यात तिकीट काढणारा बहुधा अडलेला असतो, हे कंपनीला अनुभवाने माहीत असते. त्यामुळे काही आसने त्याच्यासाठी राखून ठेवायची आणि लवकर येणाऱ्या स्वस्त गिऱ्हाइकाला सगळी विकून टाकायची नाहीत, असा हिशेब असतो. हा हिशेब गणितात प्रथम नेमका मांडला तो ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवुड यांनी, १९७२ मध्ये. नियम सोपा आहे : स्वस्तात विकून आज मिळणारी रक्कम ही उद्या महाग विकले जाण्याच्या शक्यतेला महाग भाड्याने गुणून येणाऱ्या रकमेपेक्षा मोठी असेल, तोवरच स्वस्त विका. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले. त्यानंतर पीपल एक्स्प्रेससारख्या स्वस्त कंपन्यांना तोंड देताना अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये याच तत्त्वावर आगाऊ खरेदीच्या सवलती आणल्या. आजचे प्रत्येक तिकीट याच विचाराने ठरते, फक्त गणित संगणक करतो.

व्यवहारात विमानातली आसने भाड्याच्या खणांत वाटलेली असतात. समजा १८० आसनांच्या विमानात ३,२००, ४,१००, ५,३००, ६,९०० आणि ९,००० रुपयांचे खण आहेत (आकडे केवळ उदाहरणासाठी). खालचा खण संपला की वरचा उघडतो. कोथरूडमधल्या चौघांच्या कुटुंबाने एकदम चार तिकिटे शोधली आणि ४,१००च्या खणात तीनच आसने उरलेली असली, तर यंत्रणा साधारणपणे चौघांनाही ५,३००चा दर दाखवते. एकूण २१,२०० रुपये. तीन आणि एक अशी वेगवेगळी तिकिटे काढली तर १२,३०० अधिक ५,३००, म्हणजे १७,६००. एका दिवाळीत ३,६०० रुपये वाचतात. त्यात धोकाही आहे : पीएनआर दोन झाल्यामुळे उड्डाण रद्द झाले तर चौथ्या माणसाला वेगळ्या विमानात बसवले जाऊ शकते. सोबत लहान मूल किंवा म्हातारी आजी असेल तर ही बचत करू नये.

मंदी आली म्हणजे या खणांची मांडणी बदलते. साध्या दिवशी खालच्या खणात अधिक आसने सोडली जातात आणि ती अधिक काळ उघडी राहतात. सणाच्या दिवशी मात्र कंपनीला ठाऊक असते की विमान निम्मे रिकामे जाण्याची भीती नाही. प्रवास कमी झाला तरी लक्ष्मीपूजनाला घरी पोहोचणारे पोहोचणारच. म्हणून तिथे खालचा खण जेमतेम किलकिला केला जातो. दुसरा उपाय अधिक परिणामकारक असतो, तो म्हणजे विमानेच कमी उडवणे. वेळापत्रकातून फेऱ्या काढल्या की मागणी घटूनही उरलेली विमाने भरतात आणि भाडे टिकते. प्रवाशाला मंदीचा लाभ न मिळण्याचे खरे कारण हेच आहे, आणि बातम्यांत ते सहसा येत नाही. घटलेल्या प्रवाशांचे आकडे छापले जातात, काढून घेतलेल्या आसनांचे नाहीत.

याचे स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले, पाठोपाठ आर्थिक मंदी आली. तिथल्या कंपन्यांनी फेऱ्या छाटल्या, बॅगांचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २००९ मध्ये, मंदीची झळ ताजी असतानाच, अमेरिकन एअरलाइन्सने थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणानंतरचा रविवार आणि नाताळ-नववर्षाच्या आसपासचे मोजके दिवस निवडून एका बाजूच्या प्रवासाला १० डॉलरचा अधिभार लावला. इतर मोठ्या कंपन्याही मागोमाग आल्या. एकीकडे सवलतीच्या जाहिराती, दुसरीकडे सणाच्या परतीच्या दिवशी अधिभार. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातून निघालेल्या होत्या.

सणाचा प्रवास एकाच दिशेने वाहतो, हे भाडे चढण्याचे आणखी एक कारण. दिवाळीआधी पुण्याहून बाहेर जाणारी विमाने भरून जातात आणि येताना बरीच रिकामी येतात. भाऊबीजेनंतर उलटे. जाताना भरलेल्या आसनांकडून येतानाच्या रिकाम्या आसनांचेही पैसे वसूल करावे लागतात. पुण्यात राहणाऱ्याने याच काळात आईवडिलांना गावाहून पुण्याला बोलावले, तर त्यांचे तिकीट उलट्या प्रवाहातले म्हणून बरेच स्वस्त पडते. पुष्कळ घरांनी ही युक्ती केली आहे. त्यात गावचे अंगण सुटते, पण नातवंडांसह फराळ होतो.

पुण्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो तो विमानतळामुळे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. नागरी वाहतूक तिथे पाहुणी. लढाऊ विमानांच्या सरावानंतर उरणाऱ्या वेळेतच प्रवासी विमानांना जागा मिळते, त्यामुळे सणासाठी जादा फेऱ्या सोडायला मुंबईइतकाही वाव नसतो. नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. त्याने रांगा आटोक्यात आल्या. धावपट्टी मात्र तीच राहिली. महासाथीच्या काळात धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती. पुढे १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्णच बंद राहिला. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंद होऊन लक्ष्मीपूजनाला पाच दिवस असताना उघडलेल्या विमानतळावर स्वस्त कडेचे दिवस उरतात तरी किती?

कोविडचा काळ हा या विषयाचा सर्वांत मोठा धडा आहे. देशांतर्गत उड्डाणे २५ मार्च २०२० पासून थांबली आणि दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा सुरू झाली. सुरू होताना सरकारने दोन बंधने घातली. फेऱ्या आधीच्या वेळापत्रकाच्या एक तृतीयांशच ठेवायच्या. आणि भाडे प्रवासाच्या वेळेनुसार आखलेल्या सात पट्ट्यांत बसवायचे. दिल्ली-मुंबईसाठी ही मर्यादा किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये होती. ४० टक्के आसने दोन टोकांच्या मध्यबिंदूपेक्षा कमी दराने विकणे बंधनकारक होते. कमाल मर्यादा प्रवाशाच्या रक्षणासाठी होती हे उघड आहे. किमान मर्यादेकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ती तगड्या कंपन्यांनी दर पाडून दुबळ्या कंपन्यांना बुडवू नये म्हणून होती, आणि तिच्यामुळे गेल्या अनेक वर्षांतल्या सर्वांत खोल मंदीत प्रवाशाला खरोखर उतरलेला दर कायद्याने मिळूच शकत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही मर्यादा वाढवण्यात आल्या.

फेऱ्यांची मर्यादा हळूहळू सैल होत गेली : जूनअखेर ४५ टक्के, सप्टेंबरमध्ये ६०, आणि २०२० च्या दिवाळीच्या तोंडावर, ११ नोव्हेंबरला, ७० टक्के. लक्ष्मीपूजन त्या वर्षी १४ नोव्हेंबरला होते. तीन दिवस आधी वाढलेल्या मर्यादेचा दिवाळीच्या तिकिटांना काय उपयोग झाला असेल, हे तिकीट काढणाऱ्या कुणालाही कळेल. दुसऱ्या लाटेत मर्यादा पुन्हा ५० टक्क्यांवर आली, १८ ऑक्टोबर २०२१ ला पूर्ण उठली, आणि भाड्यांच्या पट्ट्या ३१ ऑगस्ट २०२२ ला संपल्या.

त्याआधी २०२० च्या मे महिन्यासाठी आगाऊ काढलेल्या तिकिटांचे पैसे अडकले होते. बऱ्याच कंपन्यांनी रोख परत न करता ती रक्कम पुढच्या प्रवासासाठी खात्यावर ठेवली. तिला क्रेडिट शेल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश दिला : टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत करावेत; आधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत द्यावेत, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येणारे क्रेडिट शेल द्यावे, त्यावर दरमहा आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का वाढ द्यावी. मंदीत आगाऊ तिकीट काढणारा माणूस कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो, हे या निकालाने हिशेबात धरले.

कंपनीच बुडते तेव्हा मंदी उलटी फिरते : प्रवासी असतात, आसने नसतात. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. दोन्ही वेळा मे महिन्याची सुट्टी उंबरठ्यावर होती आणि उरलेल्या कंपन्यांची भाडी चढली.

ठिकाणापुरती मंदी हा वेगळा प्रकार. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर, ज्यात पुण्याचे पर्यटकही मारले गेले, काश्मीरच्या सहली धडाधड रद्द झाल्या. पण पहिल्या दोन दिवसांत श्रीनगरहून बाहेर पडणाऱ्यांची रीघ होती. सरकारने कंपन्यांना जादा उड्डाणे सोडायला, भाडी आटोक्यात ठेवायला आणि रद्द करण्याचे किंवा तारीख बदलण्याचे शुल्क माफ करायला सांगितले. घाबरलेल्या माणसाच्या घाईला बाजारभाव लावू नये, इतपत सहमती तेव्हा सगळ्यांचीच दिसली. सणाच्या अडलेल्या माणसाबद्दल तेवढी सहमती अजून नाही, आणि ती व्हायला हवी.

जमिनीवरच्या प्रवासात ती काही प्रमाणात आहे. महाराष्ट्रात खासगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेता येत नाही, असा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे. दिवाळीत तो कितपत पाळला जातो हे नागपूरची गाडी पकडणाऱ्यांना विचारावे. रेल्वेने सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला चढते भाडे लावले, तेही दर दहा टक्के आसनांमागे दहा टक्के वाढ आणि कमाल दीडपट असे बांधून. विमानाला नेहमीच्या काळात असा माथा, म्हणजे कमाल मर्यादा, नाही. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाल्यापासून भाडे ठरवणे कंपनीच्या हाती आहे. विमान नियमावलीतला १३५ वा नियम ‘वाजवी नफा’ असा शब्द वापरतो, पण वाजवी म्हणजे किती ते सांगत नाही. इंधनाचा दाखला कंपन्या नेहमी देतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात पुणे, मुंबई आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. खर्च कमी झाला तरी ऐन सणाच्या भाड्याचा माथा अडलेल्या माणसाची ऐपतच ठरवते.

पुण्यातल्या सहल व्यावसायिकांच्या बाजारात मंदीचा एक खरा लाभ दिसतो, तो सिरीज फेअरमध्ये. एजंट सुट्टीच्या तारखांची वीस-पंचवीस आसने काही महिने आधी अनामत भरून उचलतो. प्रवाशांची नावे ठरावीक मुदतीत द्यायची असतात. मागणी बसली की ही आसने त्याच्या अंगावर येतात आणि मुदत संपायच्या आत तो ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या दरापेक्षाही कमीने काढतो. सणाच्या ऐन दिवसाचे स्वस्त तिकीट मिळालेच तर बहुधा असे मिळते. नाव बदलता येत नाही, पैसे परत नाहीत, आणि नुकसान झाले ते एका मध्यम दुकानदाराचे, विमान कंपनीचे नव्हे. दुसरी वाट मुंबईची : तिथे फेऱ्या अधिक, म्हणून खालचा खण उशिरापर्यंत उघडा. शिवनेरीचे किंवा टॅक्सीचे भाडे, द्रुतगती मार्गावरची सणाची कोंडी आणि पहाटे दोनला घर सोडणे हे सगळे त्या दरात मिळवून पाहावे लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली, आणि पनवेलपर्यंतच जायचे असल्याने पुणेकराच्या या बेरजेतला घाटाखालचा मोठा तुकडा गळला.