किनारी कातळाचे छायाचित्रण

समुद्राच्या माऱ्याने घडलेल्या खडकांची जडणघडण दिसेल अशी छायाचित्रे घेणे. निसर्गछायाचित्रण आणि भूशास्त्रीय नोंद यांच्या सीमेवरचा हा प्रांत. महाराष्ट्रात त्यासाठी हरिहरेश्वरइतकी (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) सोयीची जागा क्वचितच सापडेल. मंदिरामागच्या पायऱ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून उतरतात आणि प्रदक्षिणेची वाट थेट समुद्राने तासलेल्या कातळावर येते.

हा कातळ बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाप्रवाहांतला. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि पुढ्यात तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी घासलेला सपाट कातळ, उरतो. कड्याच्या अंगावर मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे दिसतात. ते लाटांनीच कोरले असावेत असे पाहणाऱ्याला वाटते; खरा कारागीर बहुतांशी मीठ. तुषारांचे खारे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत मुरते, उन्हाने सुकते आणि वाढणारे स्फटिक खडकाचे कण सुटे करतात.

भर दुपारी हे खळगे नुसते काळे ठिपके दिसतात. ऊन तिरपे झाले की कडा उजळतात, तळ अंधारात राहतो आणि खोली कळते. इथे तिथी कामाला येते. कोकणात भरतीची वेळ तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी ऐन दुपारी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, मंच सर्वांत जास्त उघडा पडतो तेव्हाच, ऊनही हवे तसे मिळते. हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ तक्त्यात पाहावी. उधाणाचे पाणी परतते तेही जोरात. या कातळावरून लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत, आणि शेवाळावर पाय सरकायला लाटही लागत नाही.

ओला बेसाल्ट जवळजवळ काळाच. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्याला करडा करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर थोडे उतरवावे लागते. ओल्या दगडावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते. शटर अर्धा मिनिट उघडे ठेवून पाण्याचे धुके करण्याची हौस अनेकांना असते; चित्र देखणे येते, पण त्यात लाटेचे काम दिसेनासे होते. अर्ध्या सेकंदात परतणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात आणि ते कुठल्या भेगांतून वाट काढते हे समजते.

कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे बहुकोनी खांब लांबूनही ओळखू येतात. हरिहरेश्वरच्या खळग्याचे तसे नाही. तो बोटभर आहे की हातभर, हे चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून शेजारी लेन्सचे झाकण ठेवून एक चित्र घ्यावे, मग झाकण उचलून दुसरे.