लाकडी स्टिअरिंग गाडीतून गेलं कसं

लाकडी स्टिअरिंगचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अमेरिकेत बंदी आलेली ना त्याच्यावर, ॲक्सिडेंटमध्ये कुसळं छातीत घुसायची म्हणून." यात थोडं खरंय आणि बरंचसं नाही.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांचं सोडून देऊ, तेव्हा बॉडीच लाकडाची असायची तर स्टिअरिंग लाकडी असण्यात काय विशेष. खरी मजा १९५० नंतरची. इटलीतल्या टुरिनच्या एका छोट्या वर्कशॉपनं जी व्हील्स बनवली तीच आजही डोळ्यासमोर येतात. ॲल्युमिनियमचे स्पोक आणि रिंग, रिंगच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या गोलसर पट्ट्या, आरपार रिव्हेट, मग घासून घासून पॉलिश, आणि मागच्या बाजूला बोटं बसायला खाचा. पॉवर स्टिअरिंग नव्हतं त्यामुळं व्हील चांगलं ४० सेंटीमीटरच्या आसपास मोठं, आणि एवढ्या मोठ्या रिमला लाकूड हलकं पडायचं, थंडीत गार लागत नाही, रस्त्याची थरथर थोडी खातं. तोटा एकच पण मोठा, हाताला घाम आला की वार्निशवरून हात सटकतो, अशा वेळी ड्रायव्हिंग ग्लोव्हज कामाला यायचे. साठच्या दशकात रेसिंगवाल्यांनी व्हील लहान केलं आणि चामडं गुंडाळलं, ते काही कुठल्या कायद्यानं सांगितलं म्हणून नाही.

आता तो नियम. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नव्या कारला एक टेस्ट लागू झाली. माणसाच्या धडाच्या आकाराचा एक ठोकळा ताशी २४ किलोमीटरनं स्टिअरिंगवर आदळायचा आणि छातीवर ११,१२० न्यूटनपेक्षा जास्त जोर यायला नको. बस. लाकूड चालेल की नाही याबद्दल एक अक्षर नाही. कारण माणसं मरत होती ती मुख्यतः व्हीलमागच्या दांड्यामुळं, समोरच्या स्टिअरिंग बॉक्सपासून ड्रायव्हरच्या छातीपर्यंत एकसंध लोखंडी दांडा, गाडी पुढून चेपली की तो सरळ आत. म्हणून धडकेत दबणारे दांडे, म्हणजे कॉलम, आले.

गोंधळ बहुतेक कॉर्व्हेटसारख्या अमेरिकी स्पोर्ट्स गाड्यांमुळं झाला असावा. १९६५ आणि ६६ ला तिला सागवानी व्हील जादा पैसे देऊन मिळायचं (त्याआधीचं लाकूड म्हणजे लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक!), १९६७ ला दबणारा कॉलम आला आणि नेमकं त्याच वर्षी सागवान गायब. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. माझ्या मते हिशोब साधा होता, थोडीच गिऱ्हाइकं घेणार त्या व्हीलसाठी नव्या कॉलमबरोबर पुन्हा सगळा घाट कोण घालणार. लाकूड जोरात आदळल्यावर चिरफळतं, जुना गोंद वाळला असेल तर जास्तच, हे मान्य, पण आत धातूची रिंग असते, सगळी रिम काही भाल्यासारखी अंगावर येत नाही.

पुढं एअरबॅग आली आणि हे सगळं भांडणच मागं पडलं, व्हीलचा मधला भाग, म्हणजे हब, मोठा झाला, बारीक स्पोकची ती नाजूक ठेवण गेली. नव्वदच्या दशकात महागड्या गाड्यांत लाकूड परत आलं, पण वर आणि खाली, दोन्ही बाजूंना चामडं, म्हणजे हात घड्याळातल्या पावणेतीनसारखे ठेवणाऱ्याचा लाकडाला स्पर्शसुद्धा नाही. आणि बऱ्याचदा ते तरी कुठलं अख्खं लाकूड, नुसता पातळ व्हेनियर. गरम होणारं स्टिअरिंग असेल तर अनेक गाड्यांत गरम होतो तो चामड्याचाच भाग.

आपल्याकडं पद्मिनी-ॲम्बॅसेडरचं व्हील बारीक, कडक प्लास्टिकचं, त्यामुळं हौशी लोक बाहेरून लाकडी आणून बसवायचे, हॉर्नची वायर जोडली की झालं काम. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा आता बाहेरचं व्हील लावायचं म्हणजे आधी ती एअरबॅग काढा, आणि ते करू नका एवढंच म्हणेन. जुन्या गाडीला खुशाल लावा, फक्त उन्हात उभी करत असाल तर वार्निशला तडे जातात.