घाटचढाईची पैज व चेष्टामस्करी (सातारा)

घाटचढाईची पैज : हौशी सायकलस्वारांनी एखादा घाट सायकलवरून, शक्यतो कोठेही पाय न टेकवता, चढून जाण्याची आपापसांत लावलेली पैज आणि तिच्या आधी, चढताना व माथ्यावर चालणारी चेष्टामस्करी या दोन्हींचा विचार या नोंदीत केला आहे. या पैजेत पंच नसतो, बक्षीस नसते आणि नावनोंदणीही नसते. हरणाऱ्याने सर्वांना चहा पाजायचा, एवढाच बहुधा दंड असतो. चढाई आणि मस्करी या वरवर वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी असल्या, तरी व्यवहारात त्या एकमेकींपासून सुटत नाहीत; किंबहुना नोकरी-धंदा सांभाळून पहाटे घराबाहेर पडणारी चाळिशी-पन्नाशीची माणसे वर्षानुवर्षे घाट चढत राहतात, त्यात मस्करीचा वाटा व्यायामाच्या ओढीइतकाच मोठा असतो.

सातारा भागात ही प्रथा रुजण्याचे पहिले कारण भूगोल हे आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातून कोणत्याही अंगाला निघाले, तरी थोड्याच वेळात चढ लागतो. पश्चिमेस समर्थ मंदिर व बोगद्याच्या परिसरातून यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि तोच रस्ता पुढे सुमारे १,२०० मीटर उंचीवरील कास पठारावर जातो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून या पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला. बोगद्यातून पलीकडे गेले की सज्जनगड, ठोसेघर आणि पवनचक्क्यांचे चाळकेवाडी. मेढ्याहून महाबळेश्वरकडे केळघर घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी, पाटणहून चिपळूणकडे जाणारा कुंभार्ली आणि महामार्गावरचा खंबाटकी, हे सर्व एका दिवसाच्या टप्प्यात येतात. शेजारच्या सांगलीची गोष्ट निराळी आहे. कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यांवर तेथील सायकलस्वारांची झुंज चढापेक्षा समोरच्या वाऱ्याशी अधिक असते आणि चढाची हौस भागवायची, तर दंडोबाचा डोंगर गाठावा लागतो. त्यामुळे सांगलीकर पाहुणा साताऱ्यात आला की त्याला यवतेश्वर दाखवण्याची घाई यजमानांना फार असते.

सायकलस्वारांच्या बोलण्यात घाट ‘चढला’ असे सहसा येत नाही. घाट ‘मारला’ असे म्हणतात. चढावर थांबून जमिनीला पाय लागला, म्हणजे ‘पाय टेकला’. सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत नेली, तर त्या दिवसापुरते त्या सायकलचे नाव ‘ढकलगाडी’. काही शब्द कुस्तीच्या आखाड्यातून आले आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तेव्हा या जिल्ह्यात आव्हान देण्यास ‘शड्डू ठोकणे’ म्हणतात आणि चढाच्या सुरुवातीला एकमेकांचा अंदाज घेत हळू चालवण्यास ‘खडाखडी’ म्हणतात, यात नवल नाही. सवाल टाकावा आणि त्याच ताकदीचा जबाब घ्यावा, ही रीतही या मुलखाला कलगी-तुऱ्याच्या फडांपासून ठाऊक आहे. जबाब न देता नुसता फुगून बसणारा गडी फडात जसा टिकत नाही, तसाच तो सायकलच्या गटातही टिकत नाही.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट या पैजांसाठी उत्तम नमुना आहे. वाई सुमारे ७२० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे. मधले अंतर साधारण १२ किलोमीटर असल्याने सरासरी चढ शंभर मीटरला पाच मीटरांच्या आत बसतो. आकडा सौम्य वाटतो, परंतु चढ सलग आहे आणि विसावा देणारा सपाट तुकडा क्वचितच लागतो. गट पहाटे वाईत जमतो, तेव्हा पहिला अर्धा तास सबबींचा असतो. कोणाची झोप झालेली नसते, कोणी रात्री लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो, कोणाच्या गुडघ्याने आदल्या संध्याकाळपासूनच तक्रार सुरू केलेली असते. या सबबी कोणी खऱ्या मानत नाही; त्या पैजेच्या विड्यासारख्या मांडल्या जातात आणि जो सर्वांत जास्त सबबी सांगतो, त्याच्यावरच आज लक्ष ठेवायचे, हे अनुभवी माणसाला कळते. पसरणी गाव मागे पडेपर्यंत बोलणे मोकळे असते. “काय डॉक्टर, ब्रेक घासतोय का काय मागचा?” “ब्रेक न्हाय ओ, रात्रीचं मटण घासतंय.” अशी दोन-चार वाक्ये होतात, मग वाक्ये आखूड होतात, पुढे केवळ शब्द उरतात आणि बुवासाहेबांच्या मंदिराच्या आसपास चेनची करकर आणि श्वास यांखेरीज काही ऐकू येत नाही. डावी-उजवीकडे वळणे घेत रस्ता वर सरकतो, खाली धोम धरणाचे पाणी उजळू लागते, पण त्याकडे पाहायला मान वळवण्याचे बळही सर्वांत असतेच असे नाही.

बोलणे असे आटत जाणे ही या प्रथेतील सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्यायामशास्त्रात श्रमाची तीव्रता जोखण्याची एक साधी कसोटी मान्य आहे : सलग वाक्ये बोलता येत असतील, तर श्रम मध्यम, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर ते तीव्र. छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे आता अनेकांकडे असतात, तरी गटातील मस्करी हेच काम फुकट आणि अचूक करते. जो मघापर्यंत टोमण्याला टोमणा देत होता, तो एकाएकी गप्प झाला, तर त्याच्या शेजारचा जाणता स्वार त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि काहीतरी निमित्त काढून त्याला बोलते करतो. मस्करीला उत्तर आले, तर ठीक. न आले, तर पैज तेथेच संपते आणि दोघेही कठड्याला टेकून पाणी पितात. छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा भोवळ यांपैकी काही जाणवले, तर तेथून पुढे चढायचे नाही आणि तडक डॉक्टरांकडे जायचे, हे गटात पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेले असावे.

माथ्यावर थांबणे हा या पैजेचा अलिखित पण सर्वांत कडक नियम आहे. पहिला पोहोचलेला शेवटचा येईपर्यंत निघत नाही. पाचगणीच्या अलीकडे टपरीवर चहा सांगितला जातो, प्याले येतात, आणि अजून दोन वळणे खाली असलेल्या मास्तरांचा प्याला बशीने झाकून ठेवला जातो. साठीला आलेले मास्तर जुन्या, बिनगिअरच्या काळ्या सायकलवर नागमोडी घेत, म्हणजे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके चालवत चढाची धार कमी करत येतात, आणि ते दिसू लागताच जमलेले सगळे “मास्तर, चहा गार झाला!” असा एकच गिल्ला करतात. मास्तर उतरतात, सायकल दगडाला टेकवतात, बशी उचलून बघतात आणि म्हणतात, “गार कुठं झालाय? तुम्हीच लवकर आलाय.” या उत्तरावर पुढचे सहा महिने चहा प्यायला जातो. वीस किलोंच्या आसपासची पोलादी सायकल एकाच दातपट्टीवर घाटावर आणणाऱ्याचा मान किती मोठा आहे, हे नऊ किलोंच्या सायकलवाल्यांना पक्के माहीत असते. मस्करीत तो मान उघड बोलून दाखवला जात नाही, पण झाकलेल्या प्याल्यात तो दिसतो.

सायकलच्या वजनावरून होणाऱ्या थट्टेला गणिताचा आधार आहे. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरले, तर पसरणी घाटाची ५७० मीटर उंची चढताना केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४,४७,००० ज्यूल काम करावे लागते. तेवढे काम एका तासात करायचे, तर १२४ वॅट शक्ती सतत द्यावी लागते आणि टायरचे घर्षण व हवेचा विरोध यांची भर वेगळी. एकूण वजनातून एक किलो कमी झाला, तर हा तासाभराचा चढ जास्तीत जास्त ४५ सेकंदांनी लवकर संपतो. तो किलो सायकलीतून काढायला हजारो रुपये लागतात. स्वाराच्या पोटावरून काढायला काही लागत नाही, म्हणून “सायकल हलकी करण्यापेक्षा भाकरी अर्धी करा” हा टोमणा घाटाघाटांवर ऐकू येतो आणि हिशोबात तो बरोबरही ठरतो. वेग कमी असल्याने चढावर हवेचा विरोध फारसा उरत नाही. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे लपून जाणाऱ्याला जो फायदा मिळतो, तो येथे जवळजवळ नाहीसा होतो. घाट माणसाला उघडे पाडतो असे जे म्हटले जाते, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

चढाच्या पैजा जगात जुन्याच आहेत. इंग्लंडमधील कॅटफर्ड सायकलिंग क्लबची टेकडीचढाई १८८७ पासून होत आली आहे. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत पर्वतराजाचा बहुमान १९३३ पासून अधिकृतपणे दिला जाऊ लागला आणि त्याचा लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा १९७५ मध्ये आला. तेथे चढांची प्रतवारी चौथ्यापासून पहिल्यापर्यंत चढत्या कठीणपणाने केली जाते आणि सर्वांत अवघड चढ प्रतवारीबाहेरचे मानले जातात. एकच चढ एकाच दौडीत, मध्ये न झोपता, पुन्हापुन्हा चढून एव्हरेस्टइतकी, म्हणजे ८,८४८ मीटर, उंची जमवण्याचा ‘एव्हरेस्टिंग’ हा प्रकार अलीकडचा आहे. एव्हरेस्टच्या मोहिमेत मरण पावलेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉना बुआंग डोंगरावर तो केला होता. पसरणीवर हिशोब मांडला, तर सोळा वेळा वर जावे लागेल आणि चढ-उतार मिळून अंतर पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास भरेल. साताऱ्यातील हौशी मंडळी सहसा एवढ्या दूर जात नाहीत. रविवारी यवतेश्वर लागोपाठ दोनदा किंवा तीनदा मारणे, ही त्यांची नेहमीची पैज.

फ्रान्समधील ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनी चालणाऱ्या ब्रेव्हे दौडींनी, म्हणजे ठरलेले लांब अंतर ठरलेल्या मुदतीत सायकलवरून पुरे करण्याच्या दौडींनी, या मंडळींना आणखी एक शिस्त दिली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात, आणि मुदतीत आलेल्यांत पहिला-दुसरा असा क्रम लावला जात नाही.

भ्रमणध्वनीवरील नोंदींमुळे मात्र पैजेचे स्वरूप काहीसे बदलले. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्राव्हा’सारख्या उपयोजनांत रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या पुरुषाला राजा व स्त्रीला राणी म्हणतात. माणूस समोर नसताना त्याच्याशी पैज लागू लागली. उपग्रहावरून मिळणारे स्थान डोंगराच्या आडोशाला चुकते, उंचीचा आकडा यंत्रागणिक बदलतो, कोणाला पाठीवर वारा मिळालेला असतो आणि कोणी मालवाहू टेम्पोच्या फाळक्याला हात लावून चार वळणे फुकट काढलेली असतात. शेवटचा प्रकार जिवावर बेतणारा आहे आणि त्याची चेष्टाही करू नये; तो गटातून वगळण्याचे कारण मानावा. नोंदींवरून होणारे वाद मात्र चहाबरोबर चवीने चालतात. पडद्यावरचा राजा कोण, याला माथ्यावर फारशी किंमत नसते, कारण तेथे कोण कसा चढला, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

थट्टा आणि टवाळी यांतील रेषा गटांना सांभाळावी लागते. गिअर, सबबी, चहाचे थांबे, नवी महागडी सायकल, काल खाल्लेले जेवण हे विषय खुले असतात, कारण ते ज्याचे त्याने निवडलेले असतात. आजार, अपघातानंतर अधू झालेला पाय, वय किंवा नवख्याची भीती हे विषय त्याने स्वतः काढल्याशिवाय कोणी काढायचे नसतात. स्त्रियांच्या बाबतीत चूक वेगळी होते. “ताई, सावकाश या, घाई नाही” ही काळजी वाटली, तरी ती न विचारता दिलेली सवलत असते. गटातील स्त्री-स्वारांना इतरांइतकाच खणखणीत टोमणा मिळणे हेच बरोबरीचे लक्षण, असे त्यांच्याकडूनच ऐकायला मिळते. सवलत द्यायचीच, तर ती सर्वांना लागू होईल अशी द्यावी : संथ चढणाऱ्यांनी दहा-पंधरा मिनिटे आधी निघायचे आणि सर्वांनी एकदम माथा गाठायचा प्रयत्न करायचा. अशा पैजेत पुढच्याला पकडले जाण्याची धास्ती असते, मागच्याला पकडण्याची ईर्षा, आणि शेवटच्या वळणावर खरी चुरस लागते.

उतारावर पैज लावली जात नाही. सलग ब्रेक दाबून ठेवल्याने रिम तापते, ट्यूब फुटू शकते, आणि वळणापलीकडून येणारी एसटी सायकलस्वाराला दिसण्याआधी ऐकू येते. म्हणून उतरताना अंतर ठेवून, ब्रेक दाबत-सोडत आणि गप्प राहून यायचे असते. पावसाळ्यात धुके, शेवाळलेला डांबरी रस्ता आणि दरडी यांमुळे आंबेनळी व कुंभार्लीकडे फिरकायचे नाही, अशी समज बहुतेक गटांत आहे. कासची फुले ऑगस्टअखेरीपासून रंगू लागतात, तेव्हा यवतेश्वरच्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते; त्या आठवड्यांत पैजा मधल्या वारी, उजाडायच्या आत होतात आणि पर्यटकांची पहिली गाडी घाटाला लागेपर्यंत मंडळी खाली येऊन आपापल्या कामाला लागलेली असतात.