सिडनी बंदरातील कृत्रिम सागरी अधिवास

बंदराच्या भिंतींवर, धक्क्यांवर किंवा तळाशी सागरी जीवांना आसरा मिळावा म्हणून मुद्दाम बसवलेल्या मानवनिर्मित रचनांना कृत्रिम सागरी अधिवास म्हणतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात असे प्रयोग बरीच वर्षे चालू आहेत. या बंदराचा निम्म्याहून अधिक किनारा संरक्षक भिंतींनी बांधून काढलेला आहे.

खडकही कठीण आणि भिंतही कठीण, मग जीवांचे बिघडते कुठे? उतरत्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा ऐसपैस पसरलेला असतो. उभ्या भिंतीवर तोच जेमतेम दोन मीटरांत आक्रसतो. शिवाय ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत पाणी टिकते, कपारींत सावली मिळते. सपाट भिंतीवर यांतले काहीच नसते. ऊन तापले की अंगातला ओलावा जातो आणि शिकारी आला तर लपायला जागा सापडत नाही.

सुरुवातीचा एक उपाय अगदी घरगुती होता. मार्क ब्राउन आणि जी चॅपमन या संशोधकांनी भिंतींवर कुंड्या बसवल्या आणि ओहोटीतही पाणी धरून ठेवणारी डबकी तयार केली. या कामावरचा त्यांचा शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2018 मध्ये सिडनी इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचा ‘लिव्हिंग सीवॉल्स’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात त्रिमितीय मुद्रणाने (थ्रीडी प्रिंटिंग) घडवलेल्या साच्यांतून काँक्रीटचे षटकोनी फलक ओततात आणि भिंतीवर शेजारी शेजारी ठोकून बसवतात. कुठल्या फलकावर डबकी, कुठल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके, तर कुठल्यावर कांदळवनाच्या मुळांची नक्कल असते. खाचांत शेवाळ, गोगलगायी, खेकडे येतात, कालवे (ऑयस्टर हे शिंपल्यांतले जीव) चिकटतात. कालवे पाणी गाळतात, हा बंदराला होणारा वेगळा फायदा. 2021 मध्ये हा प्रकल्प पर्यावरणविषयक कामासाठीच्या अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचला होता.

तळाशी वेगळीच तऱ्हा आहे. व्हाइट्स सीहॉर्स हा समुद्रघोडा पोहण्यात कच्चा. सागरी गवताला, स्पंजाला किंवा मऊ प्रवाळाला शेपटीचा वेढा घालून तो जगतो. हे आधारच नाहीसे होऊ लागले आणि तो संकटग्रस्त झाला. सिडनीच्या उत्तरेकडील पोर्ट स्टीफन्स येथे टाकून दिलेल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर हे समुद्रघोडे मुक्काम करताना दिसले. त्यावरून सागरी संशोधक डेव्हिड हरास्ती यांनी लोखंडी जाळीची ‘सीहॉर्स हॉटेले’ बनवली. जाळीवर स्पंज आणि शेवाळ वाढते, दरम्यान लोखंड गंजून झिजत जाते. आधार मात्र उरतो. म्हणजे इथे गंजणे हा दोष नसून योजनेचाच भाग आहे. 2020 मध्ये मत्स्यालयात वाढवलेली पिल्ले सिडनी बंदरात सोडताना अशाच जाळ्यांचा आधार दिला गेला.

या रचनांनी मूळ किनारा परत मिळत नाही. बंदरात जहाजांबरोबर आलेल्या परक्या प्रजातीही कृत्रिम पृष्ठभागावर पटकन जम बसवतात, त्यामुळे बसवल्यानंतरची देखरेख टाळता येत नाही. ‘फलक लावू’ एवढ्या आश्वासनावर नव्या भिंतीला परवानगी देणे हा तर या तंत्राचा सरळ गैरवापर ठरेल. जिथे भिंत आधीच उभी आहे आणि पाडता येणार नाही, तिथेच त्याचा खरा उपयोग आहे.